डीएनडी लावूनही फोन का येतात, आणि मग काय करायचं

आधी डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब' ही जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, लावा. मोबाइलवरून १९०९ वर 'स्टार्ट ०' इंग्रजी अक्षरांत एसएमएस करा. सगळ्या विषयांचे जाहिरातीचे फोन आणि मेसेज नकोत अशी नोंद होईल. काही विषय चालणार असतील तर शून्याऐवजी नको त्या विषयाचा आकडा द्या: १ बँक-विमा, २ घरं-प्लॉट, ३ शिक्षण, ४ आरोग्य. लँडलाइन असेल तर त्याच फोनवरून १९०९ फिरवा. नोंद लागू व्हायला सात दिवस धरा. बँकेचे ओटीपी अडत नाहीत, ती भीती नको.

एवढं करूनही फोन येतात, कारण डीएनडी फक्त नोंदणीकृत टेलिमार्केटरला, म्हणजे फोनवरून जाहिरात करणाऱ्यांना, अडवतं. त्यांचे नंबर १४० ने सुरू होतात. कर्जवाले नि प्लॉटवाले साध्या दहा आकडी मोबाइलवरून करतात. त्यांना डीएनडीच्या यादीशी काही देणंघेणं नसतं. शिवाय एखादा फॉर्म भरताना खालच्या चौकोनात टिक केली असेल, तर त्या कंपनीला तुम्हीच परवानगी दिलेली असते.

दहा आकडी नंबरवर इलाज एकच, तक्रार. नुसतं ब्लॉक केलंत तर तो फक्त तुमच्यापुरता गप्प होतो. फोन आल्यापासून सात दिवसांत १९०९ वर किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपवर नंबर, तारीख आणि काय विकत होते ते कळवा. नियमांतल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर एकाच फोनवाल्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता वैताग टाकू नका, ज्यांना तोच फोन आला त्यांनाही तक्रार करायला लावा.

पोलीस, केवायसी, कुरियर अशा थापा असतील तर ते प्रकरण वेगळं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' या विभागात कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. स्क्रीनवर +९१ दिसलं म्हणजे फोन भारतातूनच आला असं नाही. इंटरनेटवरून फोन लावताना दिसणारा नंबर बदलता येतो. असे परदेशातून येणारे खोटे भारतीय नंबर अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण तिच्या भरवशावर ओटीपी सांगू नका. बँका आणि सरकारी कार्यालयांसाठी १६०० ची मालिका राखीव आहे. तिथून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलला डीएनडी लागूच नाही. तिथे सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्समध्ये जाऊन अनोळखी कॉल सायलेंट करा. रिंग वाजणार नाही, कॉल यादीत मात्र दिसेल.