कॅरिबियनमध्ये हिवाळी डायव्हिंग: रिसॉर्ट निवडताना या चुका टाळा

मागे एका डिसेंबरात आम्ही रोआतानला ७ दिवसांसाठी गेलो आणि त्यातले ३ दिवस धक्क्यावर बसून काढले. उत्तरेचा वारा सुटला होता. रीफच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या कडेवर लाटा फुटत होत्या, बोटी बांधून ठेवल्या होत्या आणि रिसॉर्टची माणसं रोज सकाळी "उद्या बघू" म्हणत होती. आमचं रिसॉर्ट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर होतं. त्याच ३ दिवसांत दक्षिण किनाऱ्यावरची मंडळी दिवसाला तीन-तीन डाइव्ह करत होती. होंडुरासचं हे बेट लांबलचक आहे, पण रुंदीला ८ किलोमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्या अंतराने आमची सुट्टी वाचली असती. रिसॉर्टने आधी काही सांगितलं नव्हतं हे खरं, पण तीन महिने खोल्यांचे फोटो चाळताना मीही कधी विचारलं नाही की डिसेंबरात इथे वारा कुठून येतो. मालवणच्या कुठल्याही होडीवाल्याने सगळ्यात आधी तेच विचारलं असतं.

तेव्हापासून मी खोलीचे फोटो शेवटी बघते. अमेरिका-कॅनडातली आपली बरीच मंडळी नाताळच्या सुट्टीत कॅरिबियन गाठतात. त्यातल्या ज्यांना पाण्याखाली जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हरिकेन संपलं म्हणजे समुद्र शांत झाला, हा समज

हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यामुळे डिसेंबर उजाडला की निर्धास्त, असं आपण धरून चालतो. पण हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतली थंड हवा मेक्सिकोच्या आखातावरून खाली सरकते आणि मेक्सिकोतला युकातानचा किनारा, त्याच्यासमोरचं कोझुमेल बेट, बेलीझ, होंडुरासची बेटं, क्युबा, केमन बेटं इथपर्यंत पोचते. मेक्सिकोत या वाऱ्याला 'नोर्ते' म्हणतात. तो कधी एका दिवसात निघून जातो, कधी दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. कोझुमेलमध्ये नोर्ते वाढला की बंदराचे अधिकारी लहान बोटींसाठी बंदर बंद करतात. मग तुमचं रिसॉर्ट कितीही महागडं असो, कुणाचीच बोट सुटत नाही.

ग्रँड केमनची गोष्ट आणखी फसवी आहे. तिथली प्रसिद्ध 'सेव्हन माइल बीच' पश्चिम किनाऱ्यावर आहे. एरवी व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे ही बाजू आडोशाला राहते आणि पाणी तळ्यासारखं असतं. फोटोत दिसतं ते हेच पाणी. हिवाळ्यात वायव्येचा वारा आला की चित्र उलटतं आणि लाटा नेमक्या याच किनाऱ्यावर येऊन आदळतात. चांगले डाइव्ह ऑपरेटर अशा दिवशी लोकांना गाडीत घालून दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्यावर नेतात. काहींकडे तशी सोयच नसते. म्हणून बुकिंगआधीच्या ईमेलमध्ये माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उत्तरेचा वारा आला तर तुमच्या बोटी कुठून सुटतात? उत्तरात दुसऱ्या किनाऱ्यावरच्या धक्क्याचं नाव आलं तर तो माणूस विचार करून बसलेला आहे. "आमच्याकडे हवामान नेहमी छान असतं" असं उत्तर आलं तर मी पुढचं रिसॉर्ट बघते.

पूर्वेकडच्या बेटांना, म्हणजे व्हर्जिन बेटं आणि त्यांच्या खालची रांग, थंड हवा फारशी गाठत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत तिथले व्यापारी वारेच जोर धरतात. तिकडे त्यांना 'ख्रिसमस विंड्स' असं नावच पडलेलं आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर दूरच्या वादळांच्या लाटाही येतात.

हाताशी एकच आठवडा असेल आणि तोही नाताळचाच, तर मी बोनेर किंवा कुरासाव सांगेन. ही डच बेटं पार दक्षिणेला, १२ अंश अक्षांशाच्या आसपास, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत. थंड हवेची लाट तिथवर क्वचितच पोचते आणि हरिकेनचा नेहमीचा पट्टाही त्यांच्या उत्तरेकडून जातो. बोनेरच्या पूर्व किनाऱ्यावर वारा सतत आपटतो, पण जवळजवळ सगळं डायव्हिंग पश्चिमेच्या आडोशाला होतं. तरी 'कधीच नाही' असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी हे हरिकेन उलट्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि बोनेरच्या याच शांत बाजूच्या प्रवाळाची मोडतोड झाली. वारा क्वचित का होईना, पण फिरतो.

बेटाचं डायव्हिंग आणि आपलं डायव्हिंग जुळवून न बघणं

मी तारकर्लीला शिकले. तिथे कोर्स करून डायव्हरचं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र मिळवलेला माणूस वेगळा, आणि मालवणला प्रशिक्षकाने सिलिंडर धरून १५ मिनिटं खाली फिरवून आणलेला माणूस वेगळा. दुसरा अनुभव सुंदर असतो, त्यावरूनच पुढे अनेकांना गोडी लागते. पण त्यावर कार्ड मिळत नाही आणि कॅरिबियनमध्ये कार्डाशिवाय तुम्हाला बोटीवरच्या नेहमीच्या डाइव्हला घेत नाहीत. ७ रात्रींचं डाइव्ह पॅकेज घेऊन तिथे गेल्यावर हे कळलेलं एक जोडपं मला भेटलं होतं. त्यांचा निम्मा आठवडा पुस्तकं आणि स्विमिंग पूल यांत गेला. कोर्सची थिअरी आणि पूलमधला भाग घरी उरकून फक्त समुद्रातल्या डाइव्ह तिथे करता येतात. त्याला 'रेफरल' म्हणतात. ते जमवा.

कार्ड असलेल्यांनीही बेटाचा स्वभाव बघावा. कोझुमेलला पाण्याला ओढ असते. प्रवाह बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो, तुम्ही त्याच्याबरोबर प्रवाळाच्या भिंतीच्या कडेने वाहत जायचं आणि बोट वरून मागे येते. पालांकार किंवा सांता रोसा या तिथल्या रीफवर हे जमलं की पंख न मारता उडाल्यासारखं वाटतं. पण ज्याला अजून तरंगण्याचा तोल साधत नाही, जो दर दोन मिनिटांनी वर-खाली होतो, त्याचं पहिल्याच दिवशी धाबं दणाणतं. अशाने आधी एक दिवस उथळ जागी सरावाची डाइव्ह मागून घ्यावी. आणि बोटीला खूण म्हणून वर सोडायचा फुगा स्वतःचा न्यावा.

बोनेरचं तंत्र अगदी निराळं. तिथे पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, सिलिंडर मागे टाकायचे, रस्त्याकडेला नाव रंगवलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं. कुणाची वाट बघायची नाही, कुणी घाई करत नाही. मला हे स्वातंत्र्य फार आवडतं. पण पाण्यात उतरताना पायाखाली तुटक्या प्रवाळाचे दगड असतात. जाड तळव्याचे बूट नसतील किंवा गुडघे कुरकुरत असतील तर हा आनंद दुसऱ्याच डाइव्हला संपतो. सोबतीला स्वतः दिशा शोधणारा जोडीदार नसेल तर बोटीचं पॅकेजच घ्या. ट्रकमध्ये फोन-पाकीट ठेवू नका. तिथले लोकच सांगतात की काचा उघड्या ठेवा, आत काही ठेवू नका. समुद्री उद्यानाची फी आणि जागेची ओळख करून घेण्याची पहिली डाइव्ह झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हातमोजे घालायला बंदी आहे. पोचल्या दिवशीच दुपारी हे उरकलं तर दुसरी सकाळ मोकळी मिळते.

बेलीझच्या ब्लू होलचं आकाशातून काढलेलं छायाचित्र बघून तिकीट काढणारेही खूप आहेत. ते विवर १२० मीटरहून खोल आहे, आणि लोंबते चुनखडक बघायचे तर ४० मीटरच्या आसपास जावं लागतं, तेही काही मिनिटांपुरतं. 'अँबरग्रिस की' या बेटावरून बोटीचा प्रवास दोन्ही वेळा लांबचा, आणि हिवाळ्यातल्या वाऱ्यात तो अंग मोडून काढतो. दहा-बारा डाइव्ह झालेल्याने यासाठी अख्खी सहल बांधू नये.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर टाकणं

डाइव्ह सेंटर तुम्हाला आरोग्याचा फॉर्म भरायला देतं. दमा, रक्तदाब, हृदय, कानाचं ऑपरेशन असे प्रश्न असतात. काही प्रश्नांना 'हो' म्हटलं की डॉक्टरची सही लागते. ती नसेल तर तिथे पोचल्यावर तुम्हाला पाण्यात सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. फॉर्म आधी मागवा, आपल्या डॉक्टरकडून सही घ्या. "खोटं 'नाही' लिहून टाक" असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका. दम्याचा झटका २० मीटरवर आला तर वर यायला तेवढा वेळ नसतो.

व्हिसाची चूक आपल्याकडे विशेष होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आहात, कागद चालू आहेत, पण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलाय, ही परिस्थिती अनेकांची असते. अशांना नव्या शिक्क्याशिवाय ३० दिवसांच्या आत परत येण्याची सवलत कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना मिळते आणि होंडुरास तर तिच्यात येतच नाही. शिवाय मेक्सिको भारतीय पासपोर्टवाल्याला वेगळ्या व्हिसाशिवाय घेतं ते अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड चालू असलं तर. म्हणजे शिक्का संपलेल्याला कोझुमेलसाठीही आधी मेक्सिकोचा व्हिसा बघावा लागतो. बुकिंगआधी वकिलाला एक ईमेल टाका. भारतातून अमेरिकेमार्गे येणाऱ्या नातेवाइकांना नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि डच बेटं नेदरलँड्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाहीत.

विम्याबद्दल थोडक्यात: साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. डायव्हरसाठीचा वेगळा विमा घ्या. दाबकक्ष, म्हणजे डिकंप्रेशनचा (वर येताना दाब कमी झाल्याने होणारा) त्रास झाल्यावर ज्यात उपचार करतात तो कक्ष, बोनेर, कोझुमेल, रोआतान आणि ग्रँड केमनवर आहे. लहान बेटावरून तिथे पोचायला विमान लागू शकतं आणि त्याचा खर्च विमाच सोसू शकतो.

जुने फोटो, आणि शनिवारचं विमान

प्रवाळाची अवस्था गेल्या काही वर्षांत फार बदलली आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडात प्रवाळाचा एक रोग दिसला. त्यात कठीण प्रवाळाचा जिवंत थर झडून मागे पांढरा सांगाडा उरतो. पुढे तो कोझुमेल, केमन, रोआतान आणि २०२३ मध्ये बोनेरलाही पोचला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पाणी तापून ठिकठिकाणी प्रवाळ पांढरं पडलं. मेंदूसारखे गोळे आणि खांबासारखे उभे प्रवाळ या रोगात सगळ्यात आधी जातात. वेबसाइटवरचे फोटो दहा वर्षांपूर्वीचे असू शकतात, तेव्हा गेल्या सहा महिन्यांतले फोटो मागा. मन तयार असेल तर अजूनही बघण्यासारखं खूप आहे: पिंपासारखे स्पंज, कासवं, हिवाळ्यात कोझुमेलला येणारे ठिपकेदार ईगल रे मासे. रोग पसरू नये म्हणून आपलं डायव्हिंगचं सामान एका बेटावरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करून न्या. हे काम कंटाळवाणं आहे, तरी कराच.

शेवटच्या दिवसाचं गणित लोक बुकिंग झाल्यावर करतात. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर, डिकंप्रेशनचा त्रास टाळायला, विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं. शनिवारी सकाळी ८ चं विमान असेल तर शुक्रवारची शेवटची डाइव्ह दुपारी २ च्या आत आटोपावी लागते. पॅकेजमधल्या '६ दिवस डायव्हिंग'चे खरे साडेपाच होतात. संध्याकाळचं विमान मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा.

पाणी हिवाळ्यात २६-२७ अंशांवर असतं. ऐकायला उबदार, पण दिवसाला तीन डाइव्ह केल्या की तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरते. ३ मिलिमीटर जाडीचा पूर्ण डायव्हिंग सूट न्या, अंगाने बारीक असाल तर ५ चा. शाकाहारी असाल तर लहान बेटावरच्या जेवणखाण धरून पैसे घेणाऱ्या रिसॉर्टला स्वयंपाकघराशी आधी बोलून घ्या. मासे चालत नाहीत हेही वेगळं सांगावं लागतं. आम्ही बोनेरला स्वयंपाकघर असलेली खोली घेतो आणि रात्री खिचडी लावतो.

तिथे गेल्यावर अडलं तर

वारा आलाच, तर पहिल्या संध्याकाळीच बोटीच्या माणसाला विचारा की आडोशाची बाजू कुठली आणि तिथे कुणाची बोट जाते. आपल्या रिसॉर्टची जात नसेल तर त्या दिवसाचे पैसे परत मिळतात का, की पुढे डाइव्ह देतात, हे लेखी घ्या. हे बुकिंगच्या अटींत आधीच वाचलं असेल तर वाद होत नाही. दुसऱ्या ऑपरेटरच्या जागा अशा दिवशी भराभर भरतात, म्हणून सकाळची वाट न बघता फोन करा.

बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याआधी तासभर घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. ती आधी घरी एकदा घेऊन झोप किती येते हे बघा.

आणि सर्दी. थंडीतून येणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच विमानात ती धरते. कान मोकळे होत नसतील तर थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा, तरी नाही झालं तर ती डाइव्ह सोडा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन खाली जाऊ नका. तिचा असर तळाशी असतानाच संपला तर कानातली हवा वर येताना अडकते, आणि वर तर यावंच लागतं. माझ्या मुलाला एकदा दोन दिवस असे सोडावे लागले. तो धक्क्याखाली स्नॉर्केल लावून पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी बिनत्रासाचा खाली गेला.