रेझ्युमेतल्या एका ओळीत कामगिरी कशी मांडावी

‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी सांभाळली.’ या ओळीतून तुमचं पद कळतं, पण ते काम तुम्ही कसं केलंत हे कळत नाही. त्या खुर्चीत बसलेला कुणीही हेच लिहील.

गूगलचे माजी मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी यासाठी एक साचा सुचवला आहे: काय साधलं, ते कशावरून मोजलं आणि त्यासाठी काय केलं. वरची ओळ त्यात बसवली की अशी होते:

‘तक्रार निकाली काढायला लागणारा सरासरी वेळ ६ महिन्यांत ४८ तासांवरून २० तासांवर आणला, वारंवार येणाऱ्या तक्रारींसाठी १५ तयार मसुदे केले आणि तातडीच्या तक्रारींची रांग वेगळी काढली.’

इथे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे आहेत. ‘वेळ ५८ टक्क्यांनी कमी केला’ हेही खरंच, पण मूळ आकड्याशिवाय टक्केवारी पोकळ वाटते. दोनाचे चार ग्राहक झाले तरी वाढ १०० टक्केच भरते! उलाढाल, नफा असे गोपनीय आकडे बाहेर देता येत नसतील, तिथे मात्र टक्केवारीच बरी. आणखी एक नेहमीचा घोळ: चुकांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं, तर घट २५ टक्के होते. ‘१ टक्का घट’ लिहून बरेच जण स्वतःचंच काम लहान करून ठेवतात. त्यापेक्षा सरळ ‘४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर’ लिहावं.

‘माझ्या कामात आकडेच नसतात’ ही तक्रार सहसा खरी नसते. आकडे असतात, कुणी टिपून ठेवलेले नसतात. किती जणांसाठी, महिन्यातून किती वेळा, किती मुदतीत? जुने ईमेल, मासिक अहवाल, वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म चाळा. ‘दरमहा सुमारे ३०० जणांचे पगार, सलग १२ महिने वेळेत’ एवढंही पुरतं. अंदाज असेल तर ‘सुमारे’ लिहा आणि तो कसा काढला हे मुलाखतीत सांगता येईल याची खात्री करा. आकडा खरोखरच नसेल, तर पुढे काय झालं ते लिहा: ‘नव्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेली कार्यपद्धती पुढे इतर विभागांनीही स्वीकारली.’

टीमच्या कामात स्वतःचा वाटा वेगळा काढावा लागतो. ‘मदत केली’ यातून काहीच कळत नाही. ‘५ जणांच्या टीममध्ये चाचणीचा पूर्ण भाग सांभाळला’ यातून कळतं. ‘नेतृत्व केलं’ हे जपून लिहा. हाताखाली किती माणसं होती आणि अंतिम निर्णय कुणाचा होता, हे विचारलं जाणारच.

अलीकडच्या नोकरीला चार-पाच ओळी, जुन्यांना एखाद-दोन. एक ओळ छापल्यावर दोन रांगांपेक्षा लांबू नये. जाहिरातीतल्या कामाशी जुळणारी ओळ सर्वांत वर घ्या. जाहिरातीत वापरलेला शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असेल, तर तोच वापरा, कारण अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा तेच शब्द शोधले जातात. तक्ते आणि चौकटींमधला मजकूर अशा सॉफ्टवेअरला कधीकधी नीट वाचता येत नाही. पाठवण्याआधी सगळा मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकून पाहा. तिथे ओळींचा क्रम बिघडला, तर मांडणी साधी करा.