पाच गॅलन हलकी ब्लॉन्ड एल: एक्स्ट्रॅक्ट किट, साधी भांडी आणि उन्हाळा

हलकी बिअर करायला सोपी, असं समजून पुष्कळजण तिच्यापासून सुरुवात करतात. सामान कमी लागतं हे खरं. पण स्टाउट या काळ्या बिअरमध्ये भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चवीआड लपून जाणारी चूक ब्लॉन्ड एल या फिकट, सोनेरी बिअरमध्ये पहिल्याच घोटाला कळते. ही बिअर बिघडते ती बहुतेक वेळा तीनच कारणांनी: जुनं एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा घट्ट गोड अर्क), अस्वच्छ भांडी आणि पहिल्या तीन दिवसांतली गरमी. उकळण्याचा भाग एका दुपारी उरकतो; खरी निगा त्यानंतर घ्यावी लागते.

हे सगळं अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलं आहे. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं झालेल्या आणि पुढच्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या संघीय कायद्यानुसार एक प्रौढ असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःसाठी करता येते, विकता येत नाही. राज्याचा नियम वेगळा पाहून घ्या. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, त्यामुळे हे किट घेऊन सुट्टीला गावी जाऊ नका.

सामान

पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटरच्या किटमध्ये एवढं असावं: फिकट किंवा पिल्सन प्रकारचं द्रव माल्ट एक्स्ट्रॅक्ट ६ पौंड (२.७ किलो), भरडलेलं क्रिस्टल १० माल्ट (हलक्या रंगाचं, गोडसर) अर्धा पौंड (२२५ ग्रॅम), कॅस्केड जातीचे हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) दीड औंस (४२ ग्रॅम), सेफेल यूएस-०५ यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट आणि बाटल्या भरताना लागणारी मक्याची साखर. त्यातून सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०४४ च्या आसपास, शेवटची १.०१० आणि अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या जवळ येतं.

डब्यावरची तारीख सगळ्यात आधी बघा. द्रव एक्स्ट्रॅक्ट ठेवून ठेवून गडद होतं आणि त्याला काकवीसारखी, थोडी शाईसारखी चव येते. गडद बिअरमध्ये ती खपून जाते, इथे नाही. ताजं मिळत नसेल तर सुकं, पावडरचं एक्स्ट्रॅक्ट घ्या. ६ पौंड द्रवाऐवजी सुमारे ४.८ पौंड सुकं पुरतं. सुकं एक्स्ट्रॅक्ट वाफेवर धरलंत की हाताला आणि पाकिटाला चिकटून बसतं आणि पिठल्यासारख्या गाठी होतात. गॅस बंद करून, एका हातानं ढवळत, दुसऱ्या हातानं झटकन ओता.

भांड्यांत किमान चार गॅलनचं स्टीलचं पातेलं, साडेसहा गॅलनची झाकणाची फर्मेंटर (आंबवण्याची) बादली, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी), थर्मामीटर, ऑटो-सायफन (बिअर एका बादलीतून दुसरीत ओढणारी नळी), तोटीची बॉटलिंग बादली, भरायची नळी आणि कॅपर (बूच दाबून बसवायचं यंत्र). आंबवण्याच्या बादलीत दुसरं काही करू नका. आत ओरखडे पडले की ब्रश न पोचणाऱ्या जागी जंतू बसतात, म्हणून आतून काथ्या किंवा तारेची घासणीही वापरू नका.

विरजण आणि स्वच्छता

यीस्ट लावणं म्हणजे विरजण लावणंच. चांगलं विरजण घातलं तरी भांड्यात आधीचं काही राहिलं असेल तर दही तारेसारखं ओढलं जातं, तसंच इथेही होतं. आपल्या स्वयंपाकघरात ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण दही आणि इडलीच्या पिठात जे लॅक्टोबॅसिलस आपल्याला हवे असतात तेच बिअर आंबट करतात. बिअर करायच्या दिवशी ओट्यावर पीठ आंबवायला ठेवू नका. भरडलेल्या धान्याच्या धुळीतही हेच जंतू असतात, तेव्हा ती पिशवी उघडी फर्मेंटरजवळ झटकू नका.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी घाण पूर्ण काढायची, मग स्टार सॅनसारखं न धुवायचं सॅनिटायझर: पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे लिटरला साधारण दीड मिली. वस्तू दोन मिनिटं ओली राहिली पाहिजे. नंतर पाण्यानं खळबळू नका. राहिलेला फेस यीस्टला त्रास देत नाही. एका फवाऱ्याच्या बाटलीत हे पाणी भरून हाताशी ठेवा. उकळणं थांबल्यानंतर वर्टला (न आंबलेल्या माल्टच्या गोड पाण्याला) जे जे लागेल, म्हणजे चमचा, थर्मामीटर, झाकण, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा, त्या प्रत्येकावर फवारा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. माल्टमधल्या फिनॉलशी त्याचं जुळलं की बिअरला डेटॉलसारखा वास येतो, आणि तो मुरून जात नाही. क्लोरामाइन उकळून सहज निघत नाही. पाच गॅलन पाण्यात अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून ढवळा, काही मिनिटांत काम होतं. वरून घालायच्या पाण्यालाही हेच करायचं आहे.

उकळण्याची दुपार

एक्स्ट्रॅक्टचा डबा अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, म्हणजे ते पातळ होऊन पूर्ण निघेल. पातेल्यात अडीच गॅलन पाणी ६५ ते ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. भरडलेलं माल्ट जाळीच्या पिशवीत सैल बांधून २० ते ३० मिनिटं मुरू द्या. पाणी ७७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, टरफलातला तुरटपणा उतरतो. जास्त उकळलेल्या चहासारखी जीभ आखडते. पिशवी उचलून निथळू द्या आणि बाजूला करा.

पाण्याला उकळी आली की गॅस बंद. आता निम्मं एक्स्ट्रॅक्ट, ३ पौंड, घाला आणि तळ खरवडत ढवळा. गॅस चालू ठेवून ओतलंत तर जड एक्स्ट्रॅक्ट सरळ तळाशी जाऊन करपतं आणि तो जळकट वास शेवटपर्यंत राहतो. पूर्ण विरघळल्यावरच गॅस लावा.

इथून दहा मिनिटं पातेल्यापाशी उभं राहा. आधी कडेनं बारीक बुडबुडे येतात, मग मधोमध मातकट पांढरा जाड फेस जमतो, आणि दूध उतू जातं तसा तो एकदम वर चढतो. फरक एवढाच की दुधाचा डाग पुसता येतो, वर्टचा गोड चिकट पाक बर्नरवर कोळसा होऊन बसतो. आच कमी करा, फवाऱ्यानं थंड पाणी मारा. फेस फाटून त्यात अंड्याच्या सुपासारखे तुकडे फिरू लागले की प्रथिनं गोळा झाली आणि धोका टळला. झाकण ठेवू नका.

आता २८ ग्रॅम कॅस्केड घालून ६० मिनिटांची वेळ लावा. हॉप्स पडताच फेस पुन्हा उसळतो. १५ मिनिटं उरली की गॅस बंद करून उरलेलं एक्स्ट्रॅक्ट घाला, परत उकळी आणा आणि बिअर नितळ करणारी अर्धी व्हर्लफ्लॉक गोळी टाका. निम्मं एक्स्ट्रॅक्ट मागे ठेवायचं कारण रंग: थोड्या पाण्यात सगळंच्या सगळं तासभर उकळलं तर ते तांबूस होतं आणि कॅरॅमलची चव धरतं. किटच्या कागदावर सगळं एकदम घालायला सांगितलं असलं तरी हलक्या बिअरला हीच रीत बरी. शेवटची ५ मिनिटं उरताना राहिलेले १४ ग्रॅम हॉप्स, वासासाठी.

गार करताना पातेलं झाकण लावून सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. अर्ध्या तासात २५ अंशांच्या आसपास यायला हवं. फर्मेंटरमध्ये ओता, तळाचा जाड गाळ शक्य तेवढा मागे ठेवा आणि थंड पाणी घालून १९ लिटर करा. तापमान १८ ते २० अंश, म्हणजे ६४ ते ६८ फॅरनहाइट, जमलं पाहिजे. आता पाच मिनिटं जोरात ढवळा किंवा बादली हलवा. यीस्टला वाढायला प्राणवायू लागतो. हवा मिसळायची वेळ फक्त हीच.

हायड्रोमीटरवर १.०४४ ऐवजी १.०३६ दिसलं तर घाबरून साखर घालू नका. एक्स्ट्रॅक्टमधली साखर ठरलेली असते, पाणी बरोबर मोजलं असेल तर घनता बरोबरच असते. जड वर्ट खाली आणि पाणी वर राहिलेलं असतं, एवढंच. पुन्हा नीट ढवळून मोजा. नंतर यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण आणि एअरलॉक लावा.

पहिले तीन दिवस

आंबताना वर्ट स्वतःच उष्णता तयार करतं; खोलीपेक्षा ते ३ ते ५ अंश गरम होऊ शकतं. म्हणजे २४ अंशांच्या खोलीत बादलीच्या आत २८ अंश. एवढ्या गरमीत हे यीस्ट फळांचे वास आणि घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं सोडतं, ती नंतर निघत नाहीत. थर्मामीटरची पट्टी बादलीवर चिकटवा आणि खोलीचा नाही, तिचा आकडा बघा.

उपाय माठाचा आहे. बादली मोठ्या टबमध्ये ठेवून टबात वीतभर पाणी भरा, बादलीला जुना सुती टीशर्ट असा घाला की त्याचं टोक पाण्यात बुडेल, आणि समोर पंखा लावा. कापड पाणी वर ओढतं, ते उडताना गारवा येतो. फिनिक्ससारख्या कोरड्या ठिकाणी एवढ्यानं काम भागतं. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीच्या दमट जुलैत पाणी उडतच नाही. तिथे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदलाव्या लागतात. चौथ्या दिवसानंतर जोर ओसरतो आणि तापमान २१ अंशांपर्यंत चढलं तर चांगलंच, यीस्ट काम पूर्ण करतं.

घर गार ठेवणं शक्यच नसेल तर यूएस-०५ चा हट्ट सोडा. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्व्हाइक जातीचं यीस्ट, उदाहरणार्थ लॅलब्रूचं व्हॉस, ३५ ते ४० अंशांत उत्तम चालतं आणि संत्र्याचा हलका वास देतं. उन्हाळ्याच्या बिअरला तो शोभतो.

एअरलॉक चोवीस तासांत बुडबुडायला लागतो, कधी दोन दिवस घेतो. बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे बिघडलं असं नाही, झाकणाच्या फटीतून वायू जात असतो. वर तपकिरी डागांचा फेस आणि कडेला चिकट कडा दिसली की सगळं ठीक आहे. दर दिवशी झाकण उघडून बघू नका. दहाव्या दिवशी घनता मोजा, तीन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आणि १.०१२ च्या खाली असतील तरच बाटल्या. आकडा १.०१६ वर अडकला असेल तर बादली उबदार जागी हलवा, हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि आठवडा द्या. घाईनं भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि फुटलेली काच डोळ्यात जाते; या कामात खरा धोका हाच आहे.

बाटल्या

३५५ मिलीच्या साधारण ५० तपकिरी बाटल्या लागतील. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून प्रकाश जाऊन हॉप्सला कुबट घाण येते. फिरवून उघडायच्या बाटल्यांवर हातकॅपरनं बूच नीट बसत नाही, त्या घेऊ नका.

१९ लिटरला १२० ग्रॅम मक्याची साखर किंवा ११० ग्रॅम साधी साखर, दोन कप पाण्यात पाच मिनिटं उकळून. काट्यावर मोजा, वाटीनं नाही. हातात १७ लिटरच आली असेल तर साखर त्या प्रमाणात कमी करा. पाक बॉटलिंग बादलीत आधी ओता, त्यावर सायफननं बिअर सोडा. नळीचं टोक तळाशी टेकलेलं हवं. वरून धार पडून खळखळ झाली तर प्राणवायू मिसळतो आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. एकदा-दोनदा हलकेच ढवळा, नाहीतर काही बाटल्या सपक आणि काही फसफसणाऱ्या निघतात. भरताना वर इंचभर जागा सोडा.

थोडी बिअर सोड्याच्या एका प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून बघितली की बाकीच्यांत वायू किती झाला ते न उघडता कळतं. दगडासारखी कडक झाली की तयार. २० ते २२ अंशांवर अंधारात दोन आठवडे, मग दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये उभ्या.

चाखताना हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे, बाटल्या आणखी दोन आठवडे बाहेर ठेवा. लोण्याचा वास, तोही बहुतेक वेळा यीस्टला पुरेसा वेळ न दिल्याचाच. आंबट चव आणि बाटलीच्या मानेशी पांढरी कडा दिसली तर जंतू शिरले आहेत. त्या खेपेच्या सगळ्या बाटल्या लगेच थंड करा, कारण त्या फुगत जातात, आणि सायफनची नळी व बादलीची तोटी फेकून नवी घ्या. तोटी खोलून धुवायची राहते, आणि दोष बहुधा तिथेच असतो.

ओतताना बाटली एकाच झोतात तिरकी रिकामी करा आणि तळाचा बोटभर गाळ मागे ठेवा. रिकामी बाटली तिथल्या तिथे तीनदा खळबळून उपडी घाला. गाळ वाळला की पुढच्या खेपेला ब्रशनंही निघत नाही.