टीआरजीची नळी: कमी घासा, मागून घासा

टीआरजी रायफलीची नळी साफ करण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री करा: मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून पूर्ण बाहेर काढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, वाकून बघा. करंगळीनेही चाचपा. पाच मिनिटांपूर्वी मीच रिकामी केलेली रायफल असली तरी मी हे चुकवत नाही.

माझी रायफल फिनलंडच्या साको कंपनीची टीआरजी-२२, .३०८ विंचेस्टर काडतुसाची. तिची थोरली बहीण टीआरजी-४२, तिच्यात .३३८ लापुआ मॅग्नम चालते. घराणं एकच. बोल्टच्या तोंडाशी तीन लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे दात, त्यामुळे दांडी ६० अंश उचलली की बोल्ट सुटतो. दोन लगांच्या बहुतेक रायफलींना ९० अंश लागतात. सफाईची रीतही दोघींची सारखीच, फक्त गज (सफाईची लांब सळई), जॅग (गजाच्या टोकाचा पॅच धरणारा तुकडा) आणि ब्रश आपापल्या मापाचे हवेत.

नळीचं तोंड, म्हणजे क्राउन, हा या रायफलीचा सगळ्यात नाजूक भाग. गोळी शेवटी तिथूनच सुटते. त्या कडेला एका बाजूने ओरखडा पडला तर नेम बिघडतो, आणि तो कितीही घासून परत येत नाही. म्हणून गज नेहमी मागून, बोल्टच्या जागी बोअर गाइड (गज सरळ ठेवणारी नळकांडी) बसवून घालायचा. गज एकसंध, लेप दिलेला घ्या. जोडगजाचे सांधे नळीला घासतात. पॅच, म्हणजे पुसायचा कापडाचा तुकडा, तोंडाबाहेर आला की गळून पडू द्या, ओला मळका पॅच परत आत ओढू नका.

आधी कार्बनचं सॉल्व्हंट. दोन ओले पॅच, दहा मिनिटं थांबणं, ब्रशच्या आठ-दहा फेऱ्या, मग कोरडे पॅच. चेंबरच्या पुढच्या गळ्याशी कार्बनचं कडक कडं जमतं, तिथे थोडा जास्त वेळ द्या. त्यानंतर तांब्याचं सॉल्व्हंट: हातमोजे घाला, खिडकी उघडा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. पॅच निळा आला तर नळीत तांबं आहे.

इथे मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. पॅच निळेच येत राहिले, मी घासतच राहिले. जॅग पितळी होता. सॉल्व्हंट त्यातलंच तांबं खात होतं. तेव्हापासून प्लॅस्टिकचा जॅग.

शेवटी नळी आणि चेंबर कोरडे करा. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही आणि झटक्याचा जास्त भार बोल्टवर येतो. ग्रीस फक्त लगांच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं.

किती दिवसांनी घासायची? दिवस मोजू नका, वही बघा. माझा पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पसारा, १०० मीटरवर २ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वारा नसताना, त्याच काडतुसांनी तो सलग दोनदा ३ च्या पुढे गेला, तरच मी गज काढते. स्वच्छ नळीच्या पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात, म्हणून सफाईनंतर रेंजवर पहिल्या तीन गोळ्या मी वहीत धरत नाही. चौथीपासून नोंद.