कनेक्टरची कॉन्फिग फाइल: या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जा. ईआरपीला, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, आता वजनकाटा, बँक, ट्रान्सपोर्टर असं सगळंच जोडलेलं असतं. हे जोडणारा प्रोग्राम म्हणजे कनेक्टर. जोडणी बंद पडली की पहिला बोल नेटवर्कला लागतो, दुसरा सॉफ्टवेअर देणाऱ्याला. आधी कनेक्टरची सेटिंग्ज लिहिलेली कॉन्फिग फाइल उघडा. घोळ बहुतेक वेळा तिथंच असतो, आणि तोही ठरलेल्या चार-पाच जागी.

कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिणं

यॅमल (सेटिंग्ज लिहायची एक पद्धत) फाइलमधली ही सगळ्यात महागडी चूक, कारण एरर येतच नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचचा कनेक्टर राजस्थानची बिलं पुढं पाठवायचा, महाराष्ट्राचीही पाठवायचा, हरियाणातल्या फरिदाबादची मात्र अडकायची. पार्टी मास्टर तपासला गेला, जीएसटी नंबर पुन्हा भरले, कनेक्टर रीस्टार्टवर रीस्टार्ट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फाइलमध्ये राज्यांच्या कोडचा तक्ता होता: हरियाणा ०६, राजस्थान ०८, महाराष्ट्र २७. अवतरणचिन्हं कुठंच नाहीत. यॅमल १.१ च्या नियमांनी चालणारा पार्सर, म्हणजे फाइल वाचून अर्थ लावणारा प्रोग्राम (पायथनचा पायॅमल त्यातलाच), शून्यानं सुरू होणारा आणि फक्त ० ते ७ हेच अंक असलेला कोड अष्टमान (आठाच्या पायाची) संख्या म्हणून वाचतो. ०६ चा ६ झाला. ०८ अष्टमानात बसतच नाही, म्हणून तो मजकूरच राहिला आणि बचावला. २७ ची संख्या झाली खरी, पण कनेक्टर तुलनेआधी तिचा पुन्हा मजकूर करायचा, तेव्हा २७ चे २७च राहिले. ६ चा मजकूर ‘०६’ शी जुळेना.

काही कोड चालतात आणि काही नाहीत, असं दिसलं की पहिला संशय हाच घ्या. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ असाच लिहिला तर १५३ होतो, इचलकरंजीचा ०२३० होतो १५२. यॅमल १.२ चा पार्सर त्याचे २३१ करेल; शून्य तिथंही जातंच. रात्रीची वेळ २२:३० लिहिली तर जुना पार्सर तिचे १३५० करतो.

ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो अवतरणात टाका: पिनकोड, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड), प्लांट कोड, सॅप या ईआरपीतला दहा अंकी ग्राहक क्रमांक. शक्यतो एकेरी अवतरण, कारण दुहेरीत बॅकस्लॅशचा अर्थ बदलतो. आणि रीस्टार्टआधी फाइल पार्सरमधून काढून त्याला काय समजलं ते छापून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

कनेक्टर चालत नाही म्हणून नाव बदलणं

हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. साखर कारखान्यात गळीत हंगाम संपला की वजनकाट्याचा कनेक्टर बंद राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करायला जावं तर तो उठत नाही. डेबेझियम हा कनेक्टर माय-एसक्यूएल डेटाबेसचा बिनलॉग (बदलांची नोंदवही) वाचतो आणि माय-एसक्यूएल ८ मध्ये, सेटिंग बदललं नसेल, तर बिनलॉग ३० दिवसच टिकतो. जिथून पुढं वाचायचं ती जागाच पुसलेली असते.

मग कुणीतरी फाइलमधलं नाव बदलतं आणि कनेक्टर लगेच सुरू होतो. कनेक्टर ज्यावर चालतो तो काफ्का कनेक्ट ऑफसेट (कुठवर वाचलं याची खूण) कनेक्टरच्या नावाखाली ठेवतो. नवं नाव म्हणजे कोरी पाटी. स्नॅपशॉट मोड (सुरुवातीला जुना डेटा वाचायचा की नाही ते सेटिंग) डिफॉल्ट इनिशियलच असेल तर अख्खं टेबल पुन्हा वाचलं जातं, गेल्या हंगामातली वजनं हिशेबाकडं परत जातात आणि ऊसबिलं दुबार निघतात. नाव बदलायचंच असेल तर आधी स्नॅपशॉट मोड ‘नो डेटा’ करा. जुन्या आवृत्तीत तोच ‘स्कीमा ओन्ली’ होता. बंद काळात झालेल्या दुरुस्त्या मात्र त्यानं येणार नाहीत, त्या वेगळ्या पाठवाव्या लागतील.

बाकीच्या, थोडक्यात

यॅमलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही. एडिटरमध्ये टॅबच्या जागी दोन स्पेस लावून ठेवा.

जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ओळीच्या शेवटचा स्पेस व्हॅल्यूचा भाग होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेला पासवर्ड ‘चुकीचा’ ठरतो तो यामुळं. त्याच फाइलमध्ये विंडोजचा पाथ फॉरवर्ड स्लॅशनं लिहा, नाहीतर बॅकस्लॅश गळून जातात.

जेसनमध्ये कॉमेंट नाही, शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम नाही.

एक्सएमएलमध्ये पार्टीच्या नावातला ‘अँड सन्स’चा अँपरसँड (&) सुटा ठेवला तर फाइल वाचलीच जात नाही.

क्वार्ट्झ (ठरल्या वेळी काम सोडणारी जावाची लायब्ररी) च्या वेळापत्रकात पहिली जागा सेकंदाची असते. लिनक्सच्या क्रॉन या वेळापत्रकाची पाच जागांची ओळ तिथं चालत नाही. सर्व्हर यूटीसीवर असेल तर रात्री १० चं काम आपल्याकडं पहाटे साडेतीनला सुटतं.

चालू सर्व्हरवरची फाइल थेट बदलू नका. फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), पासवर्ड गिटच्या बाहेर, आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून कनेक्टर सुरू झाला, तर तो नेमका कशानं सुरू झाला हे पुढच्या वेळी सांगता येत नाही.