वर्गात एकच फोन असेल तर तो कसा वापरावा

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत वर्गातला मोबाइल म्हणजे बाईंचा किंवा गुरुजींचा स्वतःचा फोन. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब ही गोष्ट अजून आवाक्यात नाही. साडेसहा इंचांचा पडदा आणि समोर तीस मुले, अशा वेळी व्हिडिओ लावला की पहिल्या रांगेला दिसतो आणि मागची मुले एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत राहतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की हा फोन दाखवायला कमी आणि टिपायला जास्त वापरा. त्यात मायक्रोफोन आहे, कॅमेरा आहे, सेकंदाचे घड्याळ आहे. मूल कसे वाचते, कुठे अडते, कोणाला काय समजले नाही, हे तीस मुलांच्या गलक्यात आपल्या नजरेतून निसटते. फोन ते पकडून ठेवतो. पुढची सगळी कामे एका साध्या अँड्रॉइड फोनवर होतात.

आधी फोन वर्गात नेण्याजोगा करा

स्वतःचा फोन मुलांच्या हाती देताना त्यात बँकेचे मेसेज, घरचे फोटो, नातेवाइकांचे गट सगळेच असते. सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात ‘अ‍ॅप पिन’ची सोय असते, ती चालू करा. बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू ठेवा, मग एखादे अ‍ॅप पिन केले की पिन किंवा पॅटर्न टाकल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. आयफोनमध्ये हीच सोय ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ नावाने आहे. तास सुरू होताना फोन फ्लाइट मोडवर टाका. मूल धीर करून वाचायला लागले आणि मध्येच रिंग वाजली, तर त्याचा सूर पुन्हा लागायला वेळ जातो.

लागेल ते घरूनच उतरवून आणा

वर्गात रेंज मिळेल या भरवशावर तास आखू नका. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. सरकारच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक अ‍ॅपमधून कोड स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते आणि डाउनलोडही करून ठेवता येते. पाठ्यपुस्तकावरच्या या कोडची कल्पना रुजवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि १० लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून टाकली.

आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जायला हवा असेल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. कविता किंवा गोष्ट ऐकवायची असेल तर पडदा लागतच नाही. फोन खिशात ठेवा आणि मुलांना डोळे मिटून ऐकू द्या.

वाचन टिपा: एका मुलाला एक मिनिट

या लेखातले एकच काम करायचे ठरवलेत तर हे करा.

मुलाने आधी न वाचलेला, त्याच्या इयत्तेला साजेसा उतारा निवडा. पाठ केलेला धडा चालणार नाही, कारण पुष्कळ मुले पुस्तक समोर धरून तोंडपाठ मजकूर म्हणत असतात. उताऱ्याच्या दोन प्रती काढा, एक मुलाला आणि एक तुम्हाला. व्हरांड्यात किंवा वर्गाच्या शांत कोपऱ्यात बसा, फोन मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि रेकॉर्डर चालू करा. आधी मुलाने स्वतःचा हजेरी क्रमांक आणि तारीख सांगावी, मग वाचायला लागावे. बरोबर एका मिनिटाने थांबवा. शेवटी उताऱ्यावर दोन सोपे प्रश्न विचारा आणि त्याची उत्तरेही त्याच फाइलमध्ये येऊ द्या.

मूल वाचत असताना त्याला अडवू नका. चुकले तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका. दुरुस्तीचे काम नंतर, एकटे ऐकताना करायचे.

संध्याकाळी ऐकत बसा आणि आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांभोवती गोल करा. मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर अनोळखी उतारा समजून, मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत अशी अपेक्षा धरली आहे. हा आकडा दिशा दाखवण्यापुरता ठेवा, मुलाच्या कपाळी चिकटवू नका. खरी माहिती गोल केलेल्या शब्दांत असते. ‘पर्वत’चा ‘परवत’, ‘प्रकाश’चा ‘परकाश’ होत असेल तर मूल अक्षरे ओळखते, पण रफार आणि जोडाक्षरे त्याच्या हाताला लागलेली नाहीत. वर्गातल्या आठ-दहा मुलांचे गोल याच जागी पडले तर सोमवारी कोणता तास घ्यायचा हे ठरवून झाले! कोणी मूल प्रत्येक शब्द बरोबर वाचते, पण वाक्य संपले तरी थांबत नाही आणि दोन्ही प्रश्नांना गप्प राहते. त्याला जोडाक्षरांचा सराव देऊन उपयोग नाही, त्याच्याशी वाचलेल्या मजकुरावर गप्पा मारायला हव्यात.

एक गोष्ट मात्र चुकीत धरू नका. खानदेशात किंवा वऱ्हाडात मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणाले, तर ते अक्षर नीट वाचून आपल्या घरच्या उच्चारात बोलते आहे. ती वाचनाची चूक नाही. तिथे गोल केला की मुलाला आपली घरची बोलीच चुकीची वाटू लागते आणि मग ते तोंड उघडेनासे होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला त्याचाच आवाज ऐकवा. बहुतेक मुले आधी हसतात, मग कान देऊन ऐकतात आणि “इथं मी अडकलो” असे आपणहून सांगतात. ते ऐकून झाले की तोच उतारा पुन्हा वाचायला द्या. रोज चार-पाच मुले घेतली तर तीस जणांची फेरी दीड आठवड्यात पूर्ण होते. एका मिनिटाच्या फाइलला साधारण १ एमबी जागा लागते, म्हणजे साठवणीची अडचण येत नाही. जून, दिवाळीनंतर आणि मार्च अशा तीन फेऱ्या केल्यात तर पालकांना गुणपत्रिकेखेरीज काही ऐकवताही येते. जूनमधला आवाज आणि मार्चमधला आवाज आईला लागोपाठ ऐकवा, प्रगती समजावून सांगावी लागत नाही.

पालकांनाही हे घरी करता येईल. फक्त भावंडांमध्ये तुलना करू नका.

प्रश्न एक, उत्तर सगळ्यांचे

“समजलं का?” या प्रश्नाला वर्ग नेहमीच “हो बाई” म्हणतो. त्यासाठी ‘प्लिकर्स’ हे अ‍ॅप कामाचे आहे. यात मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला क्रमांकाचे एक छापील कार्ड मिळते. त्यावर काळ्या चौकोनांची आकृती आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी असते. ज्या पर्यायाची बाजू वर धरली ते उत्तर. तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते पडद्यावर दिसते. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून नक्कल जमत नाही. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवली की झाले. या कामापुरता डेटा चालू ठेवा.

सगळा कस प्रश्न निवडण्यात लागतो. पाचवी-सहावीला विचारा: ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? “४५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५” असे मानणारी मुले किती आहेत ते लगेच कळते. ती मुले दशांशचिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचत असतात. असे चुकीचे उत्तर पर्यायात मुद्दाम ठेवायचे. उत्तरे विखुरली असतील तर बरोबर काय ते सांगू नका. शेजारच्याला पटवून द्या असे सांगून दोन मिनिटे द्या आणि पुन्हा कार्डे वर करायला सांगा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ही रीत मोठ्या वर्गांत रुजवली. आपल्या वर्गातही ती तितकीच चांगली चालते, कारण मुलांना मुलांची भाषा लवकर कळते.

विज्ञानाच्या तासाला कॅमेरा

दहावीच्या विज्ञानात ‘गुरुत्वाकर्षण’ हे प्रकरण आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो हे मुले पाठ करतात, डोळ्यांनी मात्र कधी पाहत नाहीत. भिंतीवर खडूने दर १० सेंटीमीटरला रेघ मारा. सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडा आणि समोरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. चेंडू जमिनीवर यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. फोन सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) टिपत असेल तर त्या अर्ध्या सेकंदाच्या सुमारे १२० चौकटी मिळतात. आता मुलांच्या गटाला फोन द्या आणि निम्म्या चौकटींपर्यंत चेंडू किती खाली आला ते रेघांवरून मोजायला लावा. पहिल्या पाव सेकंदात तो सुमारे ३० सेंटीमीटर पडतो, पुढच्या पाव सेकंदात सुमारे ९२, म्हणजे तिप्पट. मोजमाप मुलांनी स्वतः केलेले असते, त्यामुळे सूत्र फळ्यावर आले की ते परके वाटत नाही.

प्राथमिकच्या मुलांसाठी सोपा प्रयोग: टीव्हीच्या रिमोटचे टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर जांभळट ठिपक्यासारखा चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात पाहा.

फोल्डस्कोप मिळाला तर जरूर घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी बनवलेले हे घडीचे कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठे दाखवते आणि चुंबकाने फोनच्या कॅमेऱ्याला जोडता येते. कांद्याचा पापुद्रा काढा, आयोडिनचा थेंब टाका आणि पेशींचा फोटो घ्या. एरवी एका वेळी एकच मूल डोळा लावू शकते, इथे सगळा गट मिळून पडद्यावर पेशी मोजतो.

संध्याकाळी पालकांच्या फोनवर

घरातला फोन बहुधा वडिलांबरोबर संध्याकाळी परत येतो, त्यामुळे दुपारी पाठवलेला गृहपाठ मुलापर्यंत पोहोचतच नाही. साडेसातच्या सुमारास एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. लेखी सूचनेपेक्षा तो बरा, कारण न वाचता येणाऱ्या आईलाही तो कळतो. कामही फोन बाजूला ठेवून करण्याजोगे द्या. “आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी विहिरीला पाणी कितव्या महिन्यापर्यंत असायचं” एवढे पुरते.

ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलांसाठी तर हे संदेश फार मोलाचे आहेत. शाळेपासून ती मुले पाच-सहा महिने तुटतात. फडावर नेट कधी असते, कधी नसते, पण आवाजाचा छोटा संदेश रेंज आली की उतरतो. त्यात त्या मुलाचे नाव घ्या, वर्गात आज काय झाले ते सांगा, दोन ओळी वाचून दाखवा आणि त्यालाही वाचून पाठवायला सांगा. परत आल्यावर ते मूल नेमके कुठवर आले होते हे त्याच्या फाइलींवरून कळते.

मुलांचे आवाज जपून ठेवा

ध्वनिमुद्रणाला सुरुवात करण्याआधी पालक सभेत ते कशासाठी आहे ते सांगा आणि लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक धरली आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाची फाइल गटावर कधीही टाकू नका, कौतुकानेसुद्धा नाही. फाइलला नावाऐवजी हजेरी क्रमांक द्या, गॅलरीपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आपोआप क्लाउडवर जाणार नाही हे तपासा. मूल वरच्या वर्गात गेले की नव्या शिक्षकांना तीन फेऱ्यांचा तक्ता द्या, पालकांना हव्या असतील तर फाइली द्या आणि आपल्या फोनमधून पुसून टाका.