एमएसीटीचा निकाल लागल्यावर नवीन कागद हाती आला तर हायकोर्टात तो दाखल कसा करायचा

अपघाताचा क्लेम एमएसीटीत (मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे खालचं ट्रिब्युनल) चालला, अवॉर्ड (भरपाईचा निकाल) झाला, रक्कम कमी वाटली म्हणून हायकोर्टात फर्स्ट अपील टाकलं आणि मग घरच्यांना एकेक आठवायला लागतं, की पगाराच्या स्लिपा तर कपाटातच राहिल्या, किंवा निकालानंतर रॉडच्या जागी पू झाला म्हणून पाय परत उघडावा लागला त्याची बिलं कोर्टाने बघितलीच नाहीत. हे कागद अपिलात येऊ शकतात का? येऊ शकतात, पण कागद किती भारी आहे हे कोर्ट नंतर बघतं, आधी विचारतं की हा खाली का नाही आणला. त्या "का"चं उत्तर तयार नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट.

आधी अपील वेळेत आहे का बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली अवॉर्डच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात, उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो. आणि वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपीलच चालत नाही, ही मर्यादा आधी १० हजार होती, २०१९ च्या दुरुस्तीने वाढली.

आता मुद्द्याचं. नवीन पुराव्याचा नियम सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहिता) आहे, ऑर्डर ४१ रूल २७, वकील मंडळी नुसतं "४१-२७" म्हणतात. सुरुवातच नकाराने आहे, म्हणजे अपिलात जादा पुरावा हक्क म्हणून देता येत नाही, फक्त तीन परिस्थितीत देता येतो. एक, तुम्ही खाली पुरावा देत होतात आणि ट्रिब्युनलने तो चुकीने नाकारला. दोन, पुरेशी काळजी घेऊनही तो तुम्हाला माहीत नव्हता किंवा तेव्हा आणता येत नव्हता. तीन, अपील कोर्टालाच निकाल द्यायला तो कागद किंवा साक्षीदार हवा आहे, किंवा तसंच दुसरं मोठं कारण आहे. पहिल्यात काम सोपं, ज्या अर्जावर "नामंजूर" लिहिलंय त्याची आणि रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद) सर्टिफाइड नक्कल काढा. तिसऱ्यावर सगळे भिस्त ठेवतात पण ती गरज कोर्टाला वाटली पाहिजे, तुम्हाला वाटून उपयोग नाही. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध इब्राहिमुद्दीन या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की खाली राहिलेली भोकं बुजवायला हा नियम नाही.

दुखापतीच्या केसमध्ये खरा फरक इथे पडतो. अवॉर्डनंतर जे घडलं, म्हणजे दुसरं ऑपरेशन, पाय कापावा लागणं, अपंगत्व वाढणं, ते तुम्ही आधी आणूच शकत नव्हतात, त्यामुळे दुसऱ्या परिस्थितीत चांगलं बसतं. उलट पगाराची स्लिप किंवा जुनं बिल तेव्हाही घरातच होतं, तिथे "वकिलांनी मागितलं नाही" एवढ्यावर सहसा भागत नाही. अपघातानंतर घाईघाईत भरलेले इन्कम टॅक्स रिटर्न तर न आणलेलेच बरे असं माझं मत, त्याने बाकीच्या कागदांवरही संशय जातो. आणि नंतरच्या खर्चासाठी ट्रिब्युनलकडे परत जाऊ असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंगमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालंय की फायनल अवॉर्डनंतर पुन्हा दुसरा अवॉर्ड द्यायची सोय या कायद्यात नाही. म्हणून चालू अपिलातच मागायचं.

अर्ज वेगळा करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. अपील मेमोला मागे झेरॉक्स टाचून पुरावा होत नाही. बऱ्याच अर्जांत एकच वाक्य असतं, "सदर कागदपत्रे नजरचुकीने दाखल करावयाची राहिली, ती न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहेत." हे लिहिलंत म्हणजे काळजी घेतली नाही हे स्वतःच कबूल केलंत. त्याऐवजी तारखांनी बोला (सरतपास म्हणजे आपल्याच वकिलाने घेतलेली साक्ष, निशाणी म्हणजे कागदाला कोर्टाने दिलेला नंबर): "अर्जदाराचा सरतपास अमुक तारखेस झाला, तेव्हा डाव्या पायात रॉड होता व हाड जुळत असल्याचे निशाणी अमुकवरील डिस्चार्ज कार्डात नमूद आहे. अवॉर्डनंतर अमुक तारखेस जखमेत जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले व अमुक तारखेस शस्त्रक्रिया झाली. हे कागद अवॉर्डच्या वेळी अस्तित्वातच नव्हते." मग एक परिच्छेद एवढाच, की या कागदाने कुठल्या मुद्द्यावर रक्कम बदलते, पुढचा उपचार की कमाईची क्षमता. खालच्या दाव्यात ज्याचा उल्लेखच नाही असा मुद्दा नव्याने उभा करायला गेलात तर मात्र अडकाल.

कागद स्वीकारला म्हणजे सिद्ध झाला असं नाही बरं का. अपंगत्वाचा दाखला असेल तर डॉक्टर साक्षीला येतील का हे अर्ज करायच्या आधीच विचारून ठेवा, आणि शक्यतो ज्यांनी उपचार केले तेच डॉक्टर. राजकुमार विरुद्ध अजयकुमारमध्ये उपचार न करता सढळ हाताने दाखले देणाऱ्यांबद्दल कोर्टाने सावध केलंय, शिवाय पायाचं अपंगत्व ४० टक्के म्हणजे कमाईही ४० टक्केच बुडाली असं नसतं, ड्रायव्हरची जास्त बुडेल आणि टेबलावर बसणाऱ्याची कमी, तेव्हा डॉक्टरांकडून माणूस काय काम करू शकत नाही ते वदवून घ्यायचं. सीसीटीव्ही वगैरे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आधीचं ६५-ब तेच.

अर्ज पडून राहिला म्हणून घाबरू नका, तो साधारणपणे अपिलाच्या अंतिम सुनावणीसोबतच ऐकायचा असतो आणि मंजूर केला तर कोर्टाने कारणं नोंदवायची असतात. मंजूर झाल्यावर हायकोर्ट स्वतः पुरावा घेईल किंवा ट्रिब्युनलला घ्यायला सांगून परत मागवेल, कुठल्या मुद्द्यापुरता ते ठरवून देईल. समोरच्याला उलटतपास आणि उलट पुरावा द्यायची संधी मिळणारच. यात वेळ जातो, त्यामुळे दोन-चार हजारांच्या बिलांसाठी हा उद्योग करायचा का हे वकिलांशी बसून ठरवा.

इन्शुरन्स कंपनीही हेच हत्यार वापरते, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या लायसन्सचा आरटीओचा उतारा घेऊन. तेव्हा त्यांना तोच प्रश्न विचारायचा: पॉलिसी तुमची, इन्व्हेस्टिगेटर तुमचा, खाली आरटीओच्या क्लार्कला समन्स का नाही काढलंत? रोजनाम्यात त्यांनी पुरावा बंद केल्याची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) असेल तर तिची नक्कल उत्तरासोबत जोडा.